आमची वाटचाल : ‘जर’ही ग्राहकाचा, ‘तर’ही ग्राहकाचा

२०१७ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघा भावांनी सुरुवात केली. वायफायची ईएसपी८२६६ चिप तेव्हा स्वस्तात मिळत होती. तिला रिले, म्हणजे चिपच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारं स्विच, जोडून टाकी भरली की मोटर बंद करणारा डबा बनवला. खपला. पण घरागणिक मागणी वेगळी. शुक्रवार पेठेतल्या एका आजींना कमी ऐकू यायचं. त्या म्हणाल्या, “नळाला पाणी आलं की देवघरातला बल्ब लागू दे बघ, बाळा.” लॅपटॉप घेऊन जायचं, प्रोग्रॅम बदलायचा. आठवड्यानं परत फोन, “स्वयंपाकघरातलाबी लागू दे की.”

शेवटी ठरवलं, वस्तूंची जोडणी ज्याची त्यानंच करायची. मोबाइलवर मराठीत दोन रकाने दिले, डावीकडे ‘जर’, उजवीकडे ‘तर’.

पहिल्याच उन्हाळ्यात ठेच लागली. एकानं नियम लावला, ‘खालच्या टाकीत पाणी आलं तर मोटर चालू’. टाकी रिकामी झाली, मोटर कोरडी फिरत राहिली, वाइंडिंग जळलं. चूक त्यांची नव्हती. त्यांच्या मनात ‘पाणी आहे तोवर’ होतं, आमच्या यंत्रानं फक्त पाणी आल्याचा क्षण धरला. बोलताना माणूस हा फरक करत बसत नाही, तो यंत्रानंच विचारून घ्यायला हवा. वाइंडिंगचा खर्च आम्ही दिला. तेव्हापासून नियम लिहिला की ॲप विचारतं, ‘आणि पाणी संपलं की?’ उत्तर दिल्याशिवाय नियम चालू होत नाही. आमच्या सगळ्या कामात मला हा एक प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो.

२०१९ च्या महापुरात दुसरा धडा मिळाला. नियम तेव्हा दूरच्या सर्व्हरवर असायचे. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पुढं नेट गेलं, आणि इन्व्हर्टरवर चालणाऱ्या घरांतही एकाच भिंतीवरचं बटण आणि बल्ब एकमेकांना ओळखेनात. मग नियम घरातच, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर आणले. वस्तूंचे एकमेकांना निरोप एमक्यूटीटी या पद्धतीनं जातात. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी केलेली ही पद्धत, तुटपुंज्या जोडणीवरही चालणारी.

२०२२ मध्ये ‘मॅटर’ हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तू एकमेकींशी जोडण्याचं सामाईक मानक आलं. त्यातल्या वस्तू आम्ही एकेक करून जोडतोय.

सध्या अडलोय ते एकाच घरातल्या दोन माणसांच्या नियमांपाशी. आजींना पाणी आलं की बल्ब हवा, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या नातवाला अंधार. कुणाचा नियम आधी, हे घरच्यांनीच ठरवावं, म्हणून दोन नियम आपसात भिडतायत हे आता ॲप दोघांनाही आधी कळवतं.