‘त्यांना परवडतं म्हणूनच येतात ना?’ – तुम्ही विचारलंत म्हणून

मजुरीचा विषय निघाला की शेवटी हा प्रश्न ठरलेला. ‘पगार कमी आहे, मान्य. पण माणसं कामावर येतातच ना? न परवडणारं काम कोण करेल?’ विचारणाऱ्यांच्या मनात खोट नसते, म्हणून आजवर दर वेळी थोडक्यात उत्तर देऊन विषय सोडला. ते थोडक्यातलं उत्तर कुणालाही पटलेलं नाही. तेव्हा आता सविस्तर.

‘परवडणं’ हा हिशेबाचा शब्द आहे. खर्च भरून निघाला तर परवडलं. यंत्राचा हिशेब मांडताना आपण वीज, तेल, दुरुस्ती, झीज आणि काही वर्षांनी घ्यावं लागणारं नवं यंत्र हे सगळं धरतो. माणसाचा हिशेब मात्र आजच्या जेवणापाशी थांबतो. उद्याची ताकद, आजारपण, बिनकामाचे दिवस, म्हातारपण, आणि त्याच्या जागी पुढे उभं राहणारं मूल, हे सगळं त्याच रोजातून निघायला हवं. ते निघत नाही आणि माणूस तरीही कामावर येतो, याचा अर्थ त्याला परवडतं असा नाही. राहिलेला खर्च दुसरं कुणीतरी भरत असतं.

हा खर्च मोजता येतो. १९०७ साली ऑस्ट्रेलियात शेतीयंत्रांच्या एका कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी मालकाचा नफा बाजूला ठेवला आणि सुधारलेल्या समाजात माणसासारखं जगायला कामगाराच्या कुटुंबाला काय लागतं ते पाहिलं. अकुशल कामगाराला दिवसाला ७ शिलिंग, असं उत्तर निघालं. आपल्याकडे १९५७ साली भारतीय श्रम परिषदेच्या १५व्या अधिवेशनाने सूत्रच दिलं. एका कमावत्यामागे तीन उपभोग-एककं, प्रत्येक एककाला रोज २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाकाठी ७२ यार्ड कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळीसाठी एकूण किमान वेतनाच्या २० टक्के. तीन एककं म्हणजे कमावता पूर्ण एक, आणि त्याचा जोडीदार व दोन मुलं प्रत्येकी एकापेक्षा कमी धरून. म्हातारे आईवडील त्यात नाहीत. शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी वेतनाचा २५ टक्के हिस्सा धरायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं तेव्हा १९९१ साल उजाडलं होतं.

सूत्र असूनही हिशेब चुकतो, आणि बहुतेकदा एकाच जागी चुकतो. रोज ठरवताना महिन्याची गरज २६ने भागतात, कारण महिन्यात कामाचे दिवस २६ धरलेले असतात. रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्यक्षात १८ दिवस काम मिळालं तर कागदावर किमान वेतन मिळूनही घराला जवळजवळ ३१ टक्के कमी पडतात. खायला मात्र तीसही दिवस लागतं. म्हणून ‘रोज किती’ हा प्रश्न अर्धाच आहे. वर्षात किती हजेऱ्या भरल्या, जाण्यायेण्यात आणि काम मिळायची वाट पाहण्यात किती तास गेले, हेही विचारायला हवं. आठ तासांच्या कामासाठी अकरा तास जात असतील तर तासाचा खरा दर २७ टक्क्यांनी उतरतो, आणि मालकाच्या वहीत त्याची नोंद कुठेही नसते.

राहिलेला खर्च सगळ्यात आधी शरीर भरतं. रोज पुरत नाही म्हणून माणूस दुसरी पाळी करतो, झोप तुटते, हात चुकतो. दुखणं अंगावर काढतो, कारण खाडा झाला की त्या दिवसाचा रोज बुडतो. पहिल्या दोन दिवसांत बरं झालं असतं ते दुखणं पंधरा दिवसांचं होतं. मग घरातली बाई भरते. पैसे देऊन घेता आली असती अशी प्रत्येक गोष्ट ती स्वतःच्या वेळातून उभी करते, आणि ती बाहेर कामाला गेली की तिची कमाई ‘जोडउत्पन्न’ ठरवून तिला आणखी कमी रोज देतात. मग मोठी मुलगी भरते, धाकट्याला सांभाळायला घरी राहून. तिची शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी आठवड्याला एक दिवस जातो, मग दोन, मग परीक्षा.

त्यानंतर कर्ज. हिशेब करून पाहा. शंभर घेतले, दहा आधीच कापून नव्वद हातात दिले, आणि दर आठवड्याला दहा असे दहा हप्ते. ऐकायला ‘दहा टक्के’ वाटतं. पण पहिल्या आठवड्यापासून मुद्दल परत जात असतं, त्यामुळे वर्षाचा दर शंभर टक्क्यांच्या वर जातो. कमी मजुरीचं घर असं कर्ज चैनीसाठी काढत नाही; दोन रोजांमधली फट बुजवायला काढतं, म्हणजे पुढच्या रोजाचा काही भाग आधीच गेलेला असतो. कामावरूनच उचल घेतली असेल तर फिटेपर्यंत काम सोडताही येत नाही. तुम्ही म्हणता, ‘कुणी बांधून ठेवलंय का?’ हिशेबाच्या वहीने बांधून ठेवलेलं असतं.

या ताणाचा विचारशक्तीवरही परिणाम होतो. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला इथे महत्त्वाचा वाटतो. तीच माणसं, त्याच प्रकारच्या बौद्धिक चाचण्या. तोडणीआधी हातात पैसा नसताना त्यांचे गुण कमी आले, तोडणीनंतर पैसे आल्यावर वाढले. ते मजूर नव्हते हे मला ठाऊक आहे. पण ‘त्यांना पैशाचं नियोजन जमत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी यावर थांबून विचार करावा असं वाटतं.

इथवर आलं की पुढचा प्रश्न येतो, ‘मग सरकारने भरावा ना फरक, मालकाच्या मागे कशाला लागता?’ एके काळी मीही हेच म्हणत असे. पगार बाजाराने ठरवावा, कमी पडेल ते सार्वजनिक पैशातून द्यावं, कुणाचं काम जाणार नाही. मत हललं ते एका जुन्या प्रकरणामुळे, आणि ते नीट सांगायला हवं.

६ मे १७९५. इंग्लंडच्या बर्कशर परगण्यातलं स्पीनहॅमलंड, तिथली पेलिकन नावाची सराई. आदल्या वर्षीचं पीक वाईट, फ्रान्सशी युद्ध चालू, पाव मजुरांच्या आवाक्याबाहेर गेलेला. परगण्याचे दंडाधिकारी जमले होते. ते जमले कशासाठी हे लोक विसरतात. शेतमजुरांचे दर ठरवायचे की नाही, हाच त्यांच्यापुढचा मूळ प्रश्न होता. १५६३च्या कायद्याने तो अधिकार त्यांच्याकडे होता. त्यांनी तो वापरला नाही. शेतकऱ्यांनी आपणहून मजुरी वाढवावी अशी शिफारस केली आणि सोबत एक तक्ता मंजूर केला.

तक्ता असा (तेव्हा १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स, आणि एक असेल तर पेनी). ८ पौंड ११ औंस वजनाचा पाव १ शिलिंगला असेल तर कष्टाळू गरीब माणसाला स्वतःसाठी आठवड्याला ३ शिलिंग, आणि बायको व घरातल्या इतर प्रत्येकासाठी १ शिलिंग ६ पेन्स मिळायला हवेत. पाव एका पेनीने चढला की त्याच्या वाट्यात ३ पेन्स आणि इतरांच्या वाट्यात प्रत्येकी १ पेनी वाढवायची. कमाई यापेक्षा कमी पडली तर फरक गावच्या गरीबपट्टीतून, म्हणजे जमीन आणि घरं कसणाऱ्या-वापरणाऱ्यांकडून वसूल होणाऱ्या करातून द्यायचा.

कागदावर यात दया आहे, आणि ती खोटी होती असं मी म्हणत नाही. आता आकडे घालून पाहा. नवरा, बायको, दोन मुलं. पाव १ शिलिंग ४ पेन्सला. तक्त्याप्रमाणे त्या घराला ९ शिलिंग ६ पेन्स लागतात. समजा शेतकरी ८ शिलिंग देतो. पट्टीतून १ शिलिंग ६ पेन्स येतात. उद्या त्याने मजुरी ७ शिलिंगवर आणली तर पट्टीतून २ शिलिंग ६ पेन्स येतील. मजुराच्या घरात तेवढेच ९ शिलिंग ६ पेन्स. एक शिलिंग शेतकऱ्याकडे राहिला आणि तो गावाने भरला. मजुराने जास्त राबून ८चे ९ केले, तरी पट्टीतली रक्कम तेवढीच घटते. घरात एक पेनीही जास्त येत नाही. आणि जो शेतकरी पूर्ण ९ शिलिंग ६ पेन्स देतो, त्याला शेजाऱ्याच्या मजुरांसाठी पट्टीही भरावी लागते. एकही मजूर न ठेवणारा छोटा शेतकरी आणि दुकानदारही भरतात. चांगला पगार देणाऱ्यावर त्याबद्दल दंड बसतो. त्याने तरी किती दिवस चांगलं राहावं?

त्याच हिवाळ्यात सॅम्युएल व्हिटब्रेड यांनी संसदेत किमान मजुरीचं विधेयक आणलं. १७९६च्या फेब्रुवारीत पंतप्रधान पिट यांनी विरोध केला आणि ते पडलं. १५६३च्या कायद्यातली मजुरीची कलमं १८१३मध्ये रद्द झाली. १८३०मध्ये दक्षिण इंग्लंडचे शेतमजूर उठले, मळणीयंत्रं फोडली, मजुरीवाढ मागितली. १९ जणांना फाशी झाली, सुमारे ५०० जणांची ऑस्ट्रेलियाकडे रवानगी झाली. १८३४च्या कायद्याने धडधाकट माणसाला घरबसल्या मिळणारी मदत थांबवायची आणि मदत हवी तर कोंडवाड्यासारख्या श्रमगृहात यायला लावायचं, असं ठरलं. मजुरी ठरवायची टाळली त्या दिवसापासून इथवर चाळीस वर्षं लागली, आणि शेवटी शिक्षा मजुरालाच झाली.

पण इथे मला माझंच म्हणणं खोडायला हवं. ‘मदतीमुळे मजुरी पडली’ असं मी हे उदाहरण देऊन कित्येकदा सांगितलं आहे. तो १८३४च्या कायद्यामागच्या चौकशी आयोगाचा निष्कर्ष होता. १९६३मध्ये अर्थतज्ज्ञ मार्क ब्लॉग यांनी त्या काळचे आकडे पुन्हा तपासून कार्यकारणभाव उलटा असल्याचं मांडलं: मजुरी आधीच कमी होती, हंगामाबाहेर काम नव्हतं, म्हणून मदत द्यावी लागली. वर केलेलं गणित त्यामुळे चुकत नाही, पण प्रत्यक्षात प्रत्येक शेतकरी त्या गणिताप्रमाणे वागला, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. एवढं मात्र मी सोडणार नाही: मजुरीला खालून टेकू नसेल तर मदतीतला किती भाग मजुराला पोचतो आणि किती मालकाला, हे ठरवायची ताकद मालकाकडे जाते.

‘मालकाचा तरी फायदा होतो ना?’ दिसतो तेवढा नाही. माणूस सोडून गेला की रिकामे दिवस, नव्याची शिकवणी, त्याच्या हातून होणारी नासाडी, सुरुवातीच्या महिन्यांतले अपघात, जुन्या हातांवर पडणारा भार, हे सगळं मजुरीच्या रकान्यात दिसतच नाही. फोर्डच्या कारखान्यात १९१३मध्ये कामगार बदलण्याचं प्रमाण वर्षाला ३७० टक्के होतं. १९१४च्या जानेवारीत दिवसाचे ५ डॉलर जाहीर झाले आणि १९१५पर्यंत ते प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. ते पाच डॉलर सगळ्यांना नव्हते आणि त्यासाठी कंपनीची माणसं कामगारांची घरं तपासत, हेही सांगायला हवं. तो आदर्श नव्हे, पण कमी मजुरी स्वस्त नसते हे त्यातून दिसतं.

आणि काम जाण्याची भीती? १ एप्रिल १९९२ला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन तासाला ४.२५वरून ५.०५ डॉलर झालं. अर्थतज्ज्ञ कार्ड आणि क्रूगर यांनी तिथली आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली मिळून ४१० फास्ट फूड उपाहारगृहं तपासली. रोजगार घटल्याचं दिसलं नाही. न्यूमार्क आणि वॉशर या दुसऱ्या दोन अर्थतज्ज्ञांनी पगारपत्रकं घेऊन तीच तुलना केली आणि घट दाखवली. वाद अजून चालू आहे. भागात मालक मोजके असतील तर ते मुळातच दर दाबून ठेवू शकतात, आणि तिथे थोडी वाढ केल्याने काम जात नाही, हे तर्काला पटतं. वाढ कितीही केली तरी जात नाही, असं मी कधीही म्हटलेलं नाही. कृपया माझ्या तोंडी ते घालू नका.

मला खरं अडचणीत आणतं ते वेगळंच काम आहे: घरी नेऊन केलेलं, नगावर मोजलेलं. तिथे तास नाहीत, हजेरी नाही. दर ठरवताना ‘एक बाई दिवसात इतके नग करते’ असं धरतात. पण ते नग एकट्या बाईचे नसतात. संध्याकाळी शाळेतून आलेलं मूल मोजून ठेवतं, सासू गाठी मारते, रात्री नवराही बसतो. चार जणांचं काम एकीच्या नावावर चढतं, आणि पुढच्या खेपेला ‘हात बसलाय’ म्हणून नगाचा दर उतरतो. दर उतरला म्हणून नग वाढवायचे, नग वाढले म्हणून दर आणखी उतरतो. एकटीने किती वेळात एक नग होतो हे घड्याळ लावून मोजायचं, त्यात सामान आणायला, नेऊन द्यायला आणि परत आलेले नग दुरुस्त करायला लागणारा वेळ मिळवायचा, आणि तो आकडा किमान वेतनाच्या तासाच्या दराने गुणायचा, हा मार्ग मला ठाऊक आहे. पण घड्याळ घेऊन त्या घरात कोण जाणार, आणि तिने खरा वेळ सांगितला तर पुढची खेप तिलाच मिळेल याची हमी कोण देणार, इथे माझं उत्तर अडतं.