तुम्ही विचारलंत म्हणून: गावाची लोकसंख्या किती?

गाव कुठलं हे सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "लोकसंख्या किती असेल हो?" आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं. ग्रामपंचायत नऊ सदस्यांची. दीड हजारापर्यंत सात सदस्य, त्यापुढे तीन हजारांपर्यंत नऊ, असा महाराष्ट्रातला हिशेब आहे. त्यातच कुठेतरी आम्ही बसतो. कागदापुरतं एवढं पुरे.

खरं उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. गावातली बहुतेक माणसं ऊसतोडीला जातात. पावसाळ्यातच मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. जातात ती नवरा-बायको जोडीनं. कडेवरचं पोरही सोबत. साखर कारखान्याजवळच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, हिवाळा काढायचा आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. तोवर गावात उरतात म्हातारी माणसं, आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवलेली पोरं, आणि रोज संध्याकाळी पारावर तेच ते आम्ही चौघं.

आणि जनगणना नेमकी फेब्रुवारीत! 2011 साली ती 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. त्या दिवसांत जो घरी एकदाही नव्हता, त्याला जिथे असेल तिथे मोजायचं, असा नियम. नियमात खोट नाही, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. पण ऊसतोड्याचं डोकं कारखान्याच्या गावात जमा होतं आणि आमच्याकडे दाराला कुलूप. पुढे पंधराव्या वित्त आयोगाचा निधी त्याच 2011 च्या लोकसंख्येवर येत राहिला.

सगळ्यात जास्त चटका बसतो तो पाण्याचा. माणसं परत येतात तीच ऐन उन्हाळ्यात, विहिरींनी तळ गाठल्यावर. टँकर मंजूर होतो तो माणशी लिटरांच्या हिशेबानं, आणि माणसं कागदावरची. 2019 च्या दुष्काळात तर सरकारलाच सांगावं लागलं, 2011 चा आकडा सोडा, 2018 ची लोकसंख्या धरा. आमच्यासारख्या गावांना तेवढ्यानं भागत नाही, कारण इथे प्रश्न वर्षाचा कमी आणि महिन्याचा जास्त आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, 1 मार्च 2027 ठरली आहे, म्हणजे पुन्हा ऊसतोडीच्या हंगामातच. तेव्हा पुन्हा विचाराल, तर मी पोळ्याच्या दिवसाचा आकडा सांगेन. त्या दिवशी सगळे घरी असतात.