तबला परत आला. दोष बॅटरीचा नव्हताच

मागच्या नोंदीत, सरावाच्या ट्रॅकमधला तबला गायब होण्याचे खापर मी ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) उतरलेल्या बॅटरीवर फोडले होते. ते साफ चुकीचे निघाले. दोष प्लेअर ॲम्पला जोडणाऱ्या साडेतीन मिलिमीटरच्या ऑडिओ केबलमध्ये होता आणि तो सापडायला मला नऊ दिवस लागले.

लक्षणे पुन्हा मांडतो, कारण सगळी गंमत त्यांच्यातच आहे. हवाईयन गिटारवर यमन घोटण्यासाठी केलेल्या माझ्या ट्रॅकमध्ये एक तानपुरा डावीकडे, दुसरा उजवीकडे आणि तीनतालाचा ठेका बरोबर मध्ये, म्हणजे दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच, बसवलेला आहे. प्लेअर ॲम्पच्या ऑक्स इनपुटला जोडला की दोन्ही तानपुरे ऐकू येत. तबल्याचा मात्र विहिरीतून आल्यासारखा नुसता घुमारा उरे. प्लेअर आणि ॲम्प एकाच पॉवर बँकेवर लावले की तबला परत येई, सोबत एक बारीक शिट्टी घेऊन, आणि म्हणूनच मी बॅटरीच्या मागे लागलो. रविवारी सहज मोनोतला, म्हणजे दोन्ही चॅनेलला एकच आवाज असलेला, मेट्रोनोम लावून पाहिला, तर चिडीचूप. गिटार मात्र ठणठणीत वाजत होती. दोन्ही चॅनेलमध्ये जे सारखे आहे नेमके तेच नाहीसे होत आहे, म्हणजे दोघांची समाईक तार, ग्राउंड, तुटलेली असणार, हे तेव्हा कुठे लक्षात आले. ग्राउंड नसले की माझ्या दोन स्पीकरच्या ॲम्पमधून डाव्या-उजव्यातला फरक तेवढा वाजतो. पॉवर बँक यूएसबीच्या वाटेने तेच ग्राउंड मागच्या दाराने जोडून देत होती आणि शिट्टीही त्याच दाराने आत येत होती.

मल्टीमीटरनेही तेच सांगितले. टोकाला टोक लावले तर पीं, मधल्या कड्याला कडे लावले तरी पीं, बुडाच्या भागाला, म्हणजे ग्राउंडला, काहीच नाही. प्लगच्या मानेशी वायर वाकवली की क्षणभर पीं. रबरात ओतलेले प्लग उघडता येत नाहीत, त्यामुळे ते घेण्यात शहाणपण नाही, असे माझे मत आता पक्के झाले आहे. पुण्याच्या तापकीर गल्लीतून आट्यांचे दोन धातूचे प्लग आणले. पहिला झाळून झाल्यावर त्याचे टोपण वायरीत आधी ओवायचे राहिल्याचे दिसले, म्हणून तोच पुन्हा झाळावा लागला. पण नंतर पहिल्याच आवर्तनात समेवरचा ‘धा’ डग्ग्याच्या घुमाऱ्यासकट समोर आला, तेव्हा गिटारवरचा हात काढून मी चार आवर्तने नुसता ऐकत बसलो.

केबलऐवजी ब्लूटूथ रिसीव्हर घेण्याचा बेत आता मागे पडला आहे. त्यात आवाज उशिरा येतो ही तक्रार आपल्या कामापुरती फोल आहे, कारण ठेका उशिरा आला तरी सारखाच उशिरा येतो आणि गिटार तर वायरीनेच वाजते. पण आणखी एक गोष्ट चार्ज करत बसायची माझी तयारी नाही. हे लिहिता लिहिताच सुचले, की ट्रॅक नव्याने मिक्स करून दोन्ही तानपुरे पूर्ण डावीकडे आणि तबला पूर्ण उजवीकडे टाकला, तर प्लेअरच्या बॅलन्सनेच ठेका हवा तेवढा कमी-जास्त करता येईल. आज रात्री काळी एक पट्टीचा ट्रॅक तसा करून पाहतो.