आज कोणासाठी आलात?

टोकियोत लाइव्ह हाउसच्या, म्हणजे छोटे बँड वाजवतात त्या जागेच्या, दारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा काउंटरवरच्या मुलानं पैसे घेण्याआधी विचारलं, "आज कोणासाठी आलात?" त्यानं वापरलेला शब्द होता 'ओमेआते', म्हणजे ज्याच्यावर डोळा ठेवून माणूस आलेला असतो तो. दारावरच्या फळ्यावर चार बँडांची नावं होती आणि चारही मला अनोळखी. मी म्हटलं, कोणासाठीच नाही, आवाज ऐकून आले. त्यानं मान लववली, तिकिटाचे अडीच हजार येन आणि ड्रिंकचे सहाशे वेगळे घेतले. समोरच्या कागदावर चार रकाने होते. त्यातल्या एकाही रकान्यात त्यानं काही लिहिलं नाही.

मला राग आला होता. इथे सरकारी फॉर्मपासून ऑफिसच्या गेटपर्यंत 'येण्याचं कारण' सांगून मी थकले आहे. आता गाणं ऐकायलाही कारण द्यायचं का? परदेशी दिसते म्हणून विचारलं, असंच मी धरून चालले. ते चुकीचं होतं. हा प्रश्न तिथे प्रत्येकाला विचारतात, आणि त्याच्या उत्तरावर पैसे हलतात. ते पुढे सांगते.

त्या दिवशी मी कोएंजीला आवा-ओदोरी बघायला गेले होते. नाचाची ती मिरवणूक तिथे १९५७ पासून निघते, ऑगस्टच्या अखेरीला. निशि-कासाईहून तोझाई लाइनची मिताकाची गाडी मिळाली की कोएंजीपर्यंत बदलावं लागत नाही. पथकामागून पथक येत होतं. मोठे ढोल, बासऱ्या, हातातली ती लहान घंटेसारखी थाळी. ढोलाचा पहिला ठोका छातीत बसला आणि मला रडू आलं. गणपतीशिवायचं ते माझं चौथं वर्ष. साताऱ्यात आमच्या गल्लीत त्या सुमाराला ताशा तापवायला सुरुवात झालेली असते.

मिरवणूक संपल्यावर स्टेशनकडे निघाले तर एका इमारतीच्या कडेला तळघरात जाणारा अरुंद जिना दिसला. दोन्ही भिंती स्टिकरांनी भरलेल्या, आणि पायाखालची फरशी थरथरत होती. म्हणून उतरले.

खाली आपल्या साध्या वन-बीएचकेएवढी जागा. साठेक माणसं असतील. स्टेजवर तिघी मुली. बँडचं नाव लिहीत नाही, कारण त्यांतली ड्रमर एका ऑफिसात नोकरी करते आणि तिथे हे कुणाला माहीत नाही. ती पायमोजे घालून वाजवत होती, बूट स्टूलशेजारी नीट जोडून ठेवलेले. गिटारवाली तारा छेडत नव्हती. दोन्ही हातांची बोटं गिटारच्या दांड्यावर पेटीवर चालावीत तशी चालत होती. त्या सुरांमागून बेस इतका फाटका, गुरगुरता यायचा की तो कानांनी कमी आणि फासळ्यांनी जास्त ऐकू येत होता. आणि या सगळ्या गदारोळावर एक अगदी गोड, बडबडगीतासारखी चाल, तिघी मिळून गात असलेली.

मी मध्यमा पूर्णच्या परीक्षेपर्यंत तबला शिकले आहे. बारावीला सोडला. पण हात मोजायचा थांबत नाही. सात मात्रा आहेत हे दुसऱ्या आवर्तनातच कळलं, तरी ती ती ना, धी ना, धी ना असं रूपकात, म्हणजे आपल्या तीन-दोन-दोनच्या सात मात्रांच्या तालात, काही बसेना. मग लक्षात आलं की विभागणी उलटी आहे, दोन-दोन-तीन. ते बसतंय तोवर दिसलं की ड्रमरचा उजवा पाय सातात नाहीच, तो निवांत चारात चाललाय. म्हणजे गिटारची चार आवर्तनं आणि पायाची सात, दोघं भेटणार अठ्ठावीस मात्रांनी. मी बोटांच्या पेरांवर मोजत राहिले. पुढच्या मात्रेला, म्हणजे समेला, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, तिघी एकदम आल्या आणि एकदम थांबल्या, आणि त्या शांततेत माझा "वा!" सगळ्या खोलीनं ऐकला.

इथे कुणी अशी दाद देत नाही. गाणं चालू असताना बहुतेक लोक हलतातही कमी, आणि दोन गाण्यांच्या मध्ये इतकी शांतता की ग्लासातला बर्फ ऐकू येतो. मला त्या 'वा'ची लाज वाटली नाही. समेला दाद दिली नाही तर सम आली कशाला? ड्रमरनं मान वर करून पाहिलं आणि हसली.

कार्यक्रमानंतर गळ्यात टॉवेल टाकून ती शोधत आली. "तुम्ही मोजत होतात ना?" मी म्हटलं, अठ्ठावीस. तिनं माझे दोन्ही हात धरले. सीडी आणि टी-शर्ट मांडलेल्या टेबलाच्या कोपऱ्यावर मी तिला बोटांनी तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर पोचायचं ते, वाजवून दाखवली, अगदी पहिल्या वर्षात शिकवतात ती. तिटकत गदिगन धा, या पाच मात्रा. एक सोडायची. पुन्हा पाच, पुन्हा एक सोडायची, पुन्हा पाच. झाल्या सतरा, म्हणजे तीनतालाच्या सोळा संपून शेवटचा धा बरोबर समेवर. तिनं तीनदा वाजवून घेतली. चौथ्यांदा स्वतः वाजवली, आणि तिचा हात माझ्यापेक्षा साफ होता.

मग मी सहज विचारलं, दारात तो प्रश्न का विचारतात?

तिनं सांगितलं ते ऐकून मला रात्री झोप आली नाही. छोट्या बँडांना बहुतेक लाइव्ह हाउस 'नोरुमा' लावतात, म्हणजे तिकिटांचा कोटा. त्या रात्री त्यांच्या वाट्याला वीस तिकिटं होती, आगाऊ घेतलेल्याला दोन हजार येनची. दारात 'मी अमुकसाठी आलो' असं म्हणणारा प्रत्येक माणूस त्या बँडच्या नावावर जमा होतो. वीस झाले नाहीत तर उरलेल्या तिकिटांचे पैसे बँडनं खिशातून भरायचे. त्या रात्री त्यांच्या नावावर अकरा जण होते. नऊ तिकिटं, अठरा हजार येन, तिघींत सहा-सहा हजार. अर्धा तास जीव तोडून वाजवलं आणि वर पैसे मोजून घरी गेल्या. ती हे अगदी शांतपणे सांगत होती, भाड्याचा आकडा सांगावा तशी. आणि मी, जी तिच्यासमोर 'वा' म्हणून ओरडले होते, माझी रेघ कुणाच्याच नावाखाली पडली नव्हती.

हे मला आजही पटत नाही. जागा भाड्याची असते, साउंडवाला, लाइटवाला, भलामोठा अँप, सगळं लाइव्ह हाउस पुरवतं, हे मान्य. ड्रिंकचे सहाशे सक्तीनं का घ्यावे लागतात तेही आता कळलंय. अशा बऱ्याच जागांचा परवाना उपाहारगृहाचा असतो, त्यामुळे काहीतरी प्यायला विकावंच लागतं. पण वाजवणाऱ्यानं वाजवायचे पैसे द्यायचे? आपल्याकडे गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात सहावीतलं पोर चुकतमाकत तीनतालाचा कायदा वाजवतं, त्यालाही स्टेज फुकट असतं, वर चहा आणि बटाटेवडा. गणपतीत पथकं वाजवतात ती हौसेनं, आणि खर्च वर्गणीतून निघतो. कलेचा खर्च अख्ख्या गल्लीनं उचलायचा असतो हे आमच्या गल्लीला कुणी शिकवावं लागलं नाही.

एवढं ठणकावून लिहिलं, पण त्याच गुरुपौर्णिमेचं एक आठवतं. आपलं पोर वाजवून झालं की घरची मंडळी उठतात. पहिल्या तासाला भरलेला हॉल शेवटी रिकामा, आणि ज्येष्ठ विद्यार्थी सतरंज्या गोळा करणाऱ्यांसमोर वाजवतात. मी स्वतः तसं वाजवलं आहे. आपल्याकडेही लोक 'कोणासाठी' आलेत हे ठरलेलंच असतं, फक्त दारात विचारत नाहीत. इथे एका बँडच्या नावावर आलेली माणसं चारही बँड ऐकतात. दोन बँडांमधल्या त्या दहा-पंधरा मिनिटांत, स्टेजवर वायरी गुंडाळणं चालू असताना, कुणी जात नाही. आणि गुंडाळतात किती झटपट! आत्ता गर्जत असलेली गिटारवाली गुडघ्यावर बसून पुढच्या बँडसाठी चिकटपट्टीचा शेवटचा तुकडासुद्धा उचलते.

तेव्हापासून मी महिन्यातून दोनदा तरी कुठल्या ना कुठल्या तळघरात असते. त्या तिघी वाजवतात तशा संगीताला 'मॅथ रॉक' म्हणतात. हे नाव अमेरिकेतलं, १९९० च्या सुमाराचं, अवघड मोजणीवरून पडलेलं. मला ते नाव खटकतं. सात मात्रा मोजल्या की गणित होतं? मग आपल्या देवळात भजनाला बसणारा प्रत्येक पखवाजी गणितज्ञच म्हणायचा. पण नावापुरता राग धरून ऐकायचं सोडू नका. टोकियोचा रुइन्स हा बँड १९८५ पासूनचा. योशिदा तात्सुयाचे ड्रम आणि जोडीला एक बेस, एवढ्या दोघांत ते जे उभं करतात ते ऐकून माझा तबल्याचा अभिमान थोडा वेळ गप्प बसला. ओसाकाच्या बोअरडम्सनं ७ जुलै २००७ ला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ७७ ड्रमर एकत्र बसवले होते. ढोल-ताशावाल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

ज्यांना गोडवा लागतो त्यांनी क्योतोच्या ट्रिकोटपासून सुरुवात करावी. २०१० साली मुलींनी सुरू केलेला बँड, चाल गुणगुणता येते आणि मात्रा मात्र निसटत राहतात. शांत हवं असेल तर टो हा बँड, त्यांच्या काशिकुराचे ड्रम. आणि गोंगाटाखाली गाणं पुरायचं ही नॉइज पॉपची युक्ती कुठवर नेता येते हे बघायचं तर मेल्ट-बनाना, १९९२ पासून. आता दोघंच असतात. ओनुकी यासुको बंदुकीच्या गोळ्यांसारखे शब्द फेकते आणि आगाताच्या गिटारमधून सायरन निघतात. यूट्यूबवर सगळं आहे, पण निदान हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून 'हा काय गोंगाट' म्हणू नका.

आईनं तेच म्हटलं. व्हिडिओ कॉलवर तिला अर्धा मिनिट ऐकवलं तर म्हणाली, "पैसे देऊन कान फोडून घेतेस होय गं?" मी इअरप्लग दाखवले. १०० डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांच्या वर उघडे कान ठेवू नयेत हे मला माहीत आहे, मी प्लगशिवाय उतरत नाही. मग ती जरा थांबून म्हणाली, "एवढंच वाजवायचं वेड होतं तर तबला का सोडलास?"

याचं उत्तर मी तिला नीट दिलं नाही. बारावी होती, क्लास होते, सरांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. हे सगळं खरं आहे. इथे फ्लॅटच्या भिंती पातळ, डायनिंग टेबलावर टॉवेल घालून बोटं चालवली तरी मागच्या वर्षी टपालपेटीत 'रात्री ठोकल्याचा आवाज येतो' अशी चिठ्ठी आली. तेही खरं आहे. पण त्या तळघरात मी मोजते तेव्हा माझा तबला सुटलेला नसतो, असं मला मनापासून वाटतं. आईला ते सोडून दिल्याची भरपाई वाटते. वाटू दे.

मार्चमध्ये त्या तिघींनी नवं गाणं वाजवलं. मधेच ड्रमवर ओळखीचं काही आलं. पाच, एक सोडून पाच... माझी तिहाई! मी समेची वाट धरून बसले आणि शेवटचा धा समेवर आलाच नाही, एक मात्रा उलटून गेल्यावर आला. वाईट वाटलं, शिकवताना माझंच काही चुकलं की काय म्हणून. नंतर विचारलं तर ड्रमर म्हणाली, मुद्दाम. दुसऱ्या वेळी त्यांनी एकाऐवजी दोन मात्रा सोडल्या होत्या. "बरोबर पोचलं की सगळे श्वास सोडतात. आम्हाला तो सोडू द्यायचा नव्हता."

मी लगेच सांगितलं की आमच्याकडे यालाही नाव आहे, अतीत. समेच्या आधी येतं ते अनागत, उलटून गेल्यावर येतं ते अतीत. हे सांगताना आवाज थोडा चढलाच माझा. तिनं काही न बोलता वही काढली आणि दोन्ही शब्द कानावर पडले तसे काताकाना या जपानी लिपीत उतरवून घेतले. घरी जाताना गाडीत मी ते गाणं मनात पुन्हा वाजवलं. अतीत हा शब्द मी परीक्षेच्या तोंडीला घडाघडा म्हटला होता. तो काय करतो हे त्या रात्री अंगाला कळलं.

गेल्या शनिवारी पुन्हा गेले. ऑफिसातल्या दोघी बरोबर होत्या, त्यांना गाडीतच बँडचं नाव पाठ करून घेतलं. काउंटरवर तोच मुलगा. "आज कोणासाठी?" आधी त्या दोघींनी नाव सांगितलं, मग मी. इथे आपल्यासारख्या चार उभ्या आणि एक आडवी रेघ मारून मोजत नाहीत. 'बरोबर' या अर्थाचं एक पाच रेघांचं अक्षर आहे, माणशी एक रेघ ओढत ते पुरं करतात. बँडच्या रकान्यात अशी तीन अक्षरं पूर्ण होती आणि चौथ्यातल्या दोन रेघा झालेल्या. त्यानं आमच्या तीन ओढल्या. शेवटची, तळाची आडवी, माझी होती.

वीस.