मागच्या सीटवरून येणारा प्रश्न

हा प्रश्न बहुधा खालापूरच्या टोलनाक्याच्या आसपास येतो. तोवर मागच्या सीटवरचे फोन आटोपलेले असतात, वडा-चहा पोटात गेलेला असतो. मग मालक दोन सीटच्या मधून पुढे वाकतात. "तुम्ही इतक्या गाड्या चालवता. आमची बदलायची म्हणतोय. खरं सांगा, कोणती घेऊ?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मी पुण्यात बोलावलं की जाणारा ड्रायव्हर आहे. आठ तासांचे ठरलेले पैसे, बाहेरगावी मुक्काम पडला तर जेवण आणि भत्ता वेगळा. माझी स्कूटर तुमच्या पार्किंगमध्ये लावतो आणि तुमची किल्ली घेतो. सतरा वर्षं झाली. आठवड्यात पाच-सहा गाड्या हाताखालून जातात आणि त्यातली एकही माझी नसते, म्हणून माझं मत घ्यायला हरकत नाही. मालकाला मात्र त्याच्या गाडीबद्दल विचारू नका. पहिले सहा महिने तो नवरदेव असतो, काहीही विचारा, सगळं उत्तमच. तिसऱ्या वर्षी सर्व्हिसिंगची बिलं वाढली की कुरकुर सुरू. आणि विकायला काढली की पुन्हा कौतुक, "सिंगल हँड आहे हो, फुलासारखी वापरलीय."

मी उलट विचारतो, तुमच्या गाडीत बसणारं सगळ्यात वयस्कर माणूस कोण?

कोथरूडमधल्या एका घरी मी नेहमी जातो. त्यांनी चार वर्षांपूर्वी मोठी, उंच एसयूव्ही घेतली. आजींचे दोन्ही गुडघे गेलेले. पहिल्या दिवशी त्या दारापाशी आल्या, आधी सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे. डावा हात दाराच्या कडेला, उजवा माझ्या मनगटावर. पाय उचलला तो पायरीच्या चार बोटं खाली अडकला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. "राहू दे, मी रिक्षाने येते," म्हणाल्या. पुढच्या खेपेला त्या घरातून पाट घेऊनच आल्या. जेवायला बसायचा, पितळी फुल्या ठोकलेला, जुना लाकडी पाट. मी तो खाली मांडायचा, आजींनी त्यावर चढून आत बसायचं, मग पाट उचलून डिकीत. उतरताना हेच सगळं उलट. मंगल कार्यालयाच्या दारात मागे गाड्यांची रांग, सगळे हॉर्न वाजवतायत आणि मी आपला पाट मांडतोय.

बुटक्या सेडानचं दुखणं याच्या उलट. होंडा सिटीसारखी लांब, जमिनीलगतची गाडी चालवायला सुख असतं, वळणावर झुकत नाही, ज्यांना गाडी लागते त्यांनाही त्यातल्या त्यात बरं जातं. पण अशा गाडीत साठीच्या पुढचा माणूस बसत नाही, पडतो. आणि उतरताना विहिरीतून वर आल्यासारखा दाराला धरून निघतो. या दोन्हींच्या मधली उंची वॅगनआरची. नवी आली तेव्हा लोक तिला डबा म्हणून हसले होते. त्या डब्याची सीट बरोबर कमरेच्या खाली येते. वाकायचं नाही, चढायचं नाही, नुसतं वळायचं आणि टेकायचं. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं आणि दारात ती उभी दिसली की मला हायसं वाटतं. हायवेवर शेजारून कंटेनर गेला की थोडी हलते खरी. उंच आणि हलकी गाडी म्हटल्यावर वारा लागणारच.

दुसरा प्रश्न, गाडी उभी कुठे करता? याचं उत्तर सरकारनेही दिलंय म्हणा. चार मीटरच्या आतली गाडी, आणि तिचं इंजिन पेट्रोलचं असेल तर 1200 सीसी, डिझेलचं असेल तर 1500 सीसीपर्यंत, तर कर कमी. सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांना 18 टक्के जीएसटी आणि मोठ्यांना 40. या चार मीटरपायी आपल्याकडच्या गाड्यांचे आकार घडले. डिझायर 2008 साली आली ती चार मीटरपेक्षा लांब होती. 2012 मध्ये तिची शेपटी छाटून 3995 मिलिमीटरवर आणली. पाच मिलिमीटर राखून! डिकी लहान झाली, दिसायला थोडी बोडकी झाली, पण पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांब आणि शेजाऱ्याची बुलेट यांच्या मधून ती निघते. इनोव्हा तिथून काढायला मला तीनदा मागे-पुढे करावं लागतं. मात्र पाच माणसं आणि सामान घेऊन कोल्हापूरला जायचं तर इनोव्हाच्या मधल्या सीटसारखं सुख नाही, हेही लिहून ठेवतो. रात्री दोनला पोहोचलं तरी माणसं भांडत नाहीत.

अॅव्हरेजचं विचारू नका म्हटलं तरी विचारतातच. जाहिरातीतला आकडा ज्या प्रमाणपत्रावरून येतो, तशी प्रमाणपत्रं आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेतही निघतात. तिथे गाडी रोलरवर उभी करून, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करत, एसी बंद ठेवून मोजतात. खोटं काही नाही त्यात. पण टेकडी उतरून पौड रोडला लागलात की तो तक्ता संपला. माझा हिशेब असा, आकड्याचे तीन भाग करा, दोन तुमचे, तिसरा सिग्नलचा.

तिसरा प्रश्न मात्र नीट ऐका, कारण इथे लोक पैसे घालवतात. रोज किती किलोमीटर?

प्रभात रोडचे एक डॉक्टर आहेत. घर ते दवाखाना तीन किलोमीटर, संध्याकाळी परत तीन. गाडी डिझेलची, कारण पूर्वीची डिझेल होती आणि ती छान होती. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हा गाड्यांच्या धुराचा कडक नियम आला. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला तो चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी निदान वीसेक मिनिटं एका दमात पळावी लागते. डॉक्टरांची गाडी तापायच्या आत दवाखाना यायचा. काट्यांमध्ये पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी फिल्टरच्या किमतीचा आकडा सांगितला. डॉक्टरांनी मला फोन केला, आवाज पेशंटसारखा.

म्हटलं, रविवारी सकाळी सहाला द्या. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलो आणि टॉप गियर टाकायचा मोह आवरून एक गियर खालीच ठेवला, इंजिन जरा चढं राहील असा. डॉक्टर शेजारी बसून त्या दिव्याकडे ईसीजी बघावा तसे बघत होते. नसरापूर फाटा मागे पडला आणि दिवा विझला. शिरवळला चहा घेऊन परतलो. आता महिन्यातून एका रविवारी आमची ही फेरी ठरलेली. मला काम मिळतं, तक्रार नाही माझी. पण रोजचे सहा किलोमीटर असणाऱ्याने डिझेल घेऊ नये. ते रोज नाशिक-पुणे करणाऱ्याचं काम.

सीएनजीचं सगळ्यांना माहीत आहे. टाकी डिकी खाते. विमानतळावर चार बॅगा घेऊन उतरलेलं कुटुंब आणि सीएनजीची टॅक्सी, हा प्रसंग तुम्हीही बघितला असेल. टाटांनी 2023 पासून एका मोठ्या टाकीच्या जागी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी घातल्या, तो उपाय चांगला आहे. बाकी घाट चढताना दम कमी पडतो, तेव्हा बटण दाबून पेट्रोलवर घ्यायची. दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी असते, ती लोक विसरतात. रांगेत उभं राहायचं ते वेगळंच. माझी अर्धी झोप सीएनजीच्या रांगेत झालीय.

विजेची गाडी मला आवडते, हे माझ्या धंद्यातल्या लोकांना पटत नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता ती स्वतःला आवरते आणि बॅटरीचा आकडा उलटा वर चढतो, ही मजा पेट्रोलमध्ये नाही. एक्स्प्रेस वेवर शंभरने धरून ठेवली की तोच आकडा झरझर उतरतो, आणि गप्पा कमी होतात. पेठांतल्या गल्लीत तिचा आवाज येत नाही म्हणून माणसं हलत नाहीत, कुत्री तर मुळीच नाहीत. पण खरी अडचण गाडीची नसते. पार्किंगमध्ये चार्जरसाठी सोसायटीची परवानगी आहे का ते आधी बघा. नसेल तर सोसायटीच्या मीटिंगला जा, शोरूमला नंतर.

ऑटोमॅटिक म्हणून जे विकतात ते सगळं एक नसतं. स्वस्तातली एएमटी म्हणजे आपलाच साधा गियरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गियर बदलायला यंत्र बसवलेलं. ते दर गियरला क्षणभर थांबतं, आणि आत बसलेल्यांच्या माना नंदीबैलासारख्या डोलतात. पाय किंचित उचलला की गचका कमी होतो, पण हे मालकाला सांगायचं कसं? सीव्हीटी, म्हणजे ठरलेले गियरच नसलेली, ती मऊ असते, मात्र जोरात दाबली की आधी इंजिन ओरडतं, गाडी मागून येते. तरी कर्वे रोडला संध्याकाळी सातला यातलं काहीही द्या मला. डाव्या गुडघ्याचे आशीर्वाद लागतील.

आता एक गोष्ट जिच्याबद्दल कुणीच विचारत नाही. ऑगस्टमध्ये ताम्हिणीत होतो, गाडी नवीकोरी, नाव सांगत नाही. मागे चार माणसं, सगळी धबधब्यात भिजून आलेली. एका वळणावर समोरची काच आतून पांढरी झाली, दुधाची साय धरावी तशी. जुन्या गाडीत वाऱ्याचा खटका कुठे आहे हे बोटांना पाठ असतं, डोळे रस्त्यावरच राहतात. या गाडीत खटकाच नव्हता. सगळं पडद्याच्या आत, चित्रावर बोट ठेवलं की दुसरं चित्र. माझं बोट ओलं, पडदा ऐकेना. समोरून एसटीचे दिवे आले. मी हाताने काच पुसली, वळणाच्या पुढे गाडी बाजूला घेतली, बोट शर्टाला पुसलं आणि मग ते चित्र शोधलं. मागचे साहेब म्हणाले, "साडेबारा इंचाचा आहे स्क्रीन." म्हटलं, हो, मोठा आहे.

पत्र्यावर टिचकी मारून गाडी भक्कम आहे का बघणारे अजून आहेत. पत्रा जाड असून भागत नाही. पुढचा भाग चेपून धक्का खाणारा हवा आणि माणसं बसतात तो सांगाडा न चेपणारा. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय गाड्या आपटून बघितल्या, पाचही शून्य तारे घेऊन परतल्या. 2018 च्या डिसेंबरात नेक्सॉनला पाच तारे मिळाले तेव्हा कुठे शोरूममध्ये लोक ताऱ्यांबद्दल विचारायला लागले. आता आपली स्वतःची तशीच चाचणी, भारत एनकॅपही आहे. तारे जरूर बघा. आणि मागे बसून पट्टा लावा. मी आरशातून बघत असतो, कुणी लावत नाही.

कोथरूडच्या घरी गेल्या दिवाळीत गाडी बदलली. मला आधी फोन आला होता. मी म्हटलं, चाचणीला आजींना न्या आणि गाडी सोसायटीत उलटी लावून बघा. त्यांनी आजींना नेलं खरं. आजी चार गाड्यांत बसल्या-उतरल्या, एकीत म्हणाल्या, "ही बरी." घेतली तिच्या शेजारची, कारण नातीला तो निळा रंग आवडला. पहिली पायरी आधीच्या गाडीपेक्षा दोन बोटं खाली आहे. पाट डिकीतच आहे. परवा त्यावर नवं रबर ठोकून दिलं, घसरत होता.