तुम्ही विचारलंत म्हणून: शेडमधल्या वर्कशॉपचं वायरिंग

घरामागच्या शेडमध्ये ड्रिल, छोटा लेथ आणि वेल्डिंग मशीन बसवायचंय, घरातल्याच बोर्डावरून वायर ओढली तर चालेल का, आणि तपासणीत नापास कशामुळे होतं, असं बरेच जण विचारतात. तशी ओढू नका. मीटरपासून शेडपर्यंत स्वतंत्र लाइन घ्या आणि शेडमध्ये वेगळा डीबी (वीज वाटणारी पेटी, डिस्ट्रिब्युशन बोर्ड) बसवा.

आधी वेल्डिंग मशीनचा हिशेब करा, कारण घोळ तिथेच होतो. 3.15 मिमीचा रॉड 120 अँपिअरवर चालवला तर मशीन सिंगल फेजवर साधारण 20 ते 25 अँपिअर ओढतं. 16 अँपिअरच्या थ्री पिन टॉपला ते झेपत नाही. पिना तापतात, सॉकेट काळं पडतं. त्याला 32 अँपिअरचं इंडस्ट्रियल सॉकेट, सहाची (6 चौरस मिमी) तांब्याची वायर आणि 32 चा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा, म्हणजे लाइन तोडणारा स्विच) द्या. दोन एचपीपर्यंतच्या मोटरला चारची वायर आणि ‘सी’ कर्व्हचा (सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा) 16 किंवा 20 चा एमसीबी पुरतो. सुरू होताना मोटर पाच-सहापट करंट घेते, म्हणून ‘बी’ कर्व्हचा एमसीबी उगाच पडतो. मग वैतागून 32 चा लावला जातो, आणि वायर तापून वितळली तरी तो पडत नाही. मोटरला डीओएल स्टार्टर (वीज गेली की सुटणारा आणि पुन्हा बटण दाबेपर्यंत बंदच राहणारा) हवाच. वीज जाऊन परत आली की साध्या स्विचवरचा लेथ आपोआप फिरायला लागतो, आणि तेव्हा हात चकवर (काम पकडणाऱ्या फिरत्या जबड्यावर) असू शकतो.

आता अर्थिंग. यात सगळ्यात जास्त फसवणूक आरसीसीबीच्या (करंट गळाला की लाइन तोडणाऱ्या स्विचच्या) टेस्ट बटणाने होते. बटण दाबलं, आरसीसीबी पडला, म्हणजे अर्थिंग चांगलं, असं समजू नका. ते बटण आतल्याच एका रेझिस्टरमधून करंट सोडतं. अर्थची वायर जोडलेली नसली तरी आरसीसीबी पडतो. अर्थ टेस्टरने मोजूनच बघा. पाच ओहमच्या आत यावं. पण पाच ओहम आलं तरी एमसीबीच्या भरवशावर राहू नका: फेज मशीनच्या बॉडीला लागली आणि घरचा अर्थिंगचा खड्डा एवढाच आधार असेल तर 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअरच वाहतात. 32 च्या ‘सी’ एमसीबीला झटकन पडायला किमान 160 लागतात. तोवर मशीनच्या बॉडीत करंट. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नाही, तर वर्कशॉप नाही, इतकं हे महत्त्वाचं आहे.

खड्ड्यात 40 मिमीचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, किमान अडीच मीटर, भिंतीपासून दीड मीटर लांब. आपल्याकडे मीटरभरावर काळा दगड लागतो आणि पाइप कापून आखूड केला जातो. कापू नका, जागा बदला, किंवा दोन खड्डे घेऊन पट्टीने जोडा. मे महिन्यात माती सुकली की ओहम चढतात, तेव्हा पाइपात पाणी घाला.

दिवे दीडच्या वायरवर आणि वेगळ्या आरसीसीबीवर ठेवा, म्हणजे मशीनचा आरसीसीबी पडला तरी फिरतं पातं अंधारात राहत नाही. मात्र दोन आरसीसीबींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळले तर दोन्ही पडत राहतात, आणि वायरमन दिवसभर लीकेज शोधत बसतो.

तपासणीचं म्हणाल तर टेस्ट रिपोर्ट लायसन्सधारक ठेकेदाराच्या सहीचा लागतो. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) इन्सुलेशन एक मेगाओहमच्या वर यायला हवं; त्याआधी एलईडी आणि वेल्डिंग इन्व्हर्टर काढून ठेवा, नाहीतर आकडा खोटा येतो आणि उपकरणंही बिघडतात. फेजला लाल-पिवळा-निळा, न्यूट्रलला काळा, अर्थला हिरवा रंग पाळा. सॉकेटची अर्थ पिन वर असताना समोरून बघितलं तर फेज उजवीकडे. आणि मंजूर लोड आधी वाढवून घ्या. वीज कायद्याच्या कलम 126 खाली जादा लोडची आकारणी दुप्पट दराने होते.