उलटलेली कॉलर

न्यू जर्सीत एडिसनला एका ड्रायक्लीनरच्या दुकानात मी अल्टरेशनचं काम करते. पँटची लांबी, ब्लाउजच्या बाह्या, लग्नसराईत शेरवान्या. शर्ट क्वचितच येतात. इथे फाटला की लोक नवा घेतात.

त्या दिवशी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ निळा ऑक्सफर्ड शर्ट घेऊन आले. कॉलर घडीवर विरली होती, बाकी शर्ट ठणठणीत. ‘कॉलर उलटून मिळेल?’ म्हणजे कॉलर उसवून, विरलेली बाजू खाली घालून पुन्हा शिवायची. मला हसूच आलं. सोलापूरला बाबांच्या दुकानात हे रोजचं काम, इथे बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणी विचारलं.

लेबल ब्रुक्स ब्रदर्स या अमेरिकी कपडे कंपनीचं, मेड इन यूएसए. ‘नॉर्थ कॅरोलायनातल्या गार्लंडला शिवलेला आहे,’ ते म्हणाले. तो कारखाना 2020 मध्ये बंद झाला. त्याआधी थोडे दिवस तिथे कोरोनाचे मास्क शिवले गेले.

उसवायला बसले आणि घाम फुटला. इंचाला वीसच्या आसपास टाके! बाजूची शिवण एकाच सुईने दोनदा घातलेली, म्हणून धुऊन धुऊनही चुणी नाही. दोन सुयांच्या मशीनवर हेच काम एका फेरीत उरकतं, पण पुढे शिवण आकसते. कॉलरच्या पोटात बकरमचा, म्हणजे कडक अस्तराचा, पत्ता नाही, नुसते कापडाचे दोन पदर. टोकांना बटणं लावायची ही कॉलर कंपनीने 1896 मध्ये आणली म्हणतात, इंग्लंडमधल्या पोलो खेळाडूंची पाहून. तिचं सगळं रूप त्या बाकात आहे: बटण लावल्यावर कापड गळ्यापासून जरा फुगून खाली उतरतं.

उलटून टाचली आणि बाक गेला. टोकं वर वळायला लागली. अर्धा तास मी नुसती बघत बसले. मग दोन्ही पदर टेबलावर सपाट लावले तेव्हा कळलं, वरचा पदर खालच्यापेक्षा जेमतेम दोन मिलिमीटर मोठा कापलेला. मी उलटल्यावर मोठा पदर खाली गेला होता. बाबा असते तर टपली मारून म्हणाले असते, आधी माप घे. गळपट्टीपाशी खालचा पदर वरच्यापेक्षा लहान होईल इतका आत ओढला, पुन्हा टाचला. बाक परत आला. तेवढं जमायला संध्याकाळ झाली, आणि बारा डॉलरचं काम म्हणून मालक कुरकुरला तो वेगळाच.

शनिवारी त्यांनी दुकानातच शर्ट अंगात घातला, बटणं लावली. आत राहिलेला पदर न विटल्यामुळे कॉलर बाकीच्या शर्टापेक्षा गडद निळी दिसत होती. मी तसं सांगितलं.

आरशात बघत ते म्हणाले, ‘मग आता उरलेला शर्ट कधी उलटताय?’